मीटरमागचं सोलर आणि १२६ ची नोटीस

प्रश्न : घराच्या छतावर मी ३ किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं. दिवसभर पाण्याची मोटर, फ्रिज आणि वडिलांच्या खोलीतला एसी चालतो, म्हणून नेट मीटरच्या (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरच्या) फंदात पडलो नाही. कंत्राटदार म्हणाला, ‘झिरो एक्स्पोर्ट आहे, ग्रिडला एक युनिटही जात नाही, वीज कंपनीला कळवायचीही गरज नाही.’ बिल कमी व्हायचं सोडून वाढलं. वायरमनला विचारलं, तर काही दिवसांत भरारी पथक दारात. पंचनामा झाला, आता कलम १२६ खाली, म्हणजे विजेच्या अनधिकृत वापरासाठी, तात्पुरत्या आकारणीचा आदेश आला आहे. पथकातले साहेब ‘वीजचोरीचा गुन्हा दाखल होईल’ असंही म्हणाले. सात दिवसांत पैसे भरून मोकळं व्हावं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : घाईने भरू नका. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ मधले सात दिवस हे आकारणी मान्य करून पैसे भरणाऱ्यासाठी आहेत. मान्य नसेल तर लेखी हरकत घेण्याचा आणि सुनावणीचा हक्क तुम्हाला आहे, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अधिकाऱ्याने अंतिम आदेश द्यायचा असतो. त्यामुळे हरकत याच आठवड्यात द्या. संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर कलम १२७ खाली अपील चालत नाही. ‘कटकट नको’ म्हणून भरलेले पैसे पुढे वाट अडवतात ते असे.

आता चोरीचं. कलम १३५ ला अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही मीटरला हात लावलेला नाही, आकडा टाकलेला नाही, ग्रिडची वीज मीटरमधूनच घेतली आहे. वाढलेलं बिल तर तुमच्याच बाजूचा पुरावा ठरू शकतं. नेट मीटर नसलेले बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर विजेची दिशा पाहत नाहीत. बाहेर गेलेलं युनिटही ते वापरलेलं म्हणूनच मोजतात. झिरो एक्स्पोर्टचा सगळा खेळ मुख्य वायरवर अडकवलेल्या छोट्या सीटीवर (वायरमधला प्रवाह मोजणाऱ्या कड्यावर) चालतो. वीज बाहेर निघाली की सीटी ते ओळखते आणि इन्व्हर्टर आपलं उत्पादन खाली आणतो. सीटीवर बाण असतो. तो उलटा बसला, तर इन्व्हर्टरला दिशाच उलटी कळते आणि वीज बाहेर जात राहते. तसं झालं असेल, तर स्वतःच्याच छतावरच्या विजेचे पैसे तुम्ही कंपनीला भरत होतात. असा चोर मी तरी पाहिलेला नाही! बाणाचा फोटो काढा, इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधला रोजचा हिशेब छापून घ्या, मीटर तपासणीचा अर्ज द्या. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवा असं कोणी सुचवलं, तर कलम १५२ ची ती सवलत एकदाच मिळते हे लक्षात ठेवा. नसलेल्या गुन्ह्यासाठी ती खर्चू नका.

पण तुमची बाजू पूर्ण स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे रूफटॉप विनियम नेट मीटरिंग किंवा नेट बिलिंग (सोलरची वीज कंपनीला विकून बिलात वळती करणं) न घेता मीटरमागे, म्हणजे मीटरच्या घराकडच्या बाजूला, सोलर जोडायला परवानगी देतात, मात्र वितरण कंपनीला आधी कळवूनच. कंत्राटदाराने तुम्हाला चुकीचं सांगितलं. कंपनी म्हणेल, न कळवता जोडणी केली, म्हणजे हा ‘अनधिकृत मार्गाने’ वापर. मग दुप्पट दराने, आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागच्या १२ महिन्यांची आकारणी.

याला उत्तर त्याच विनियमांत आहे. न कळवता बसवलेल्या यंत्रणेसाठी त्यात वेगळी तरतूद आहे : आयोगाने अतिरिक्त स्थिर आकार वगैरे ठरवले असतील, तर ते चुकीच्या कालावधीपुरते दुप्पट. खास तरतूद असताना १२६ चा आधार कसा, आणि ग्रिडची सगळी वीज मीटरमधून मोजली गेली असताना आकारणी नेमक्या कोणत्या युनिटांची, हे दोन प्रश्न हरकतीत ठळक मांडा. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त भारी आहे. पंचनाम्यात मीटरचं सील शाबूत असल्याची नोंद आहे का, तेही पाहा.

अंतिम आदेश विरुद्ध गेला, तर ३० दिवसांत अपील, पण आकारणीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. १२६ चा वाद ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे किंवा दिवाणी कोर्टात नेऊ नका. तिथे तो ऐकलाच जात नाही, आणि मुदत मात्र निघून जाते.

हरकतीच्या बरोबरीने उपविभागाला आजच लेखी कळवा : क्षमता, इन्व्हर्टरचं मॉडेल, वीज बाहेर जाऊ न देणाऱ्या लिमिटरची सेटिंग आणि पुरवठा गेल्यावर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो याचं प्रमाणपत्र. ही शेवटची गोष्ट कागदी नाही. लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव त्यावर असतो. आधीची चूक या पत्राने पुसली जाणार नाही, पण तिचा कालावधी तिथे थांबतो.

खरं तर घरगुती ३ किलोवॅटला नेट मीटरच सोयीचं. पीएम सूर्यघर योजनेत या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून, देशी बनावटीच्या पॅनेलवर आणि नेट मीटर लागल्यावर. बसवून झालेल्या तुमच्या यंत्रणेवर त्याची आशा धरू नका.

कंत्राटदाराला वकिलामार्फत नोटीस द्या आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ‘कळवायची गरज नाही’ हे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल, तर तो मेसेज जपून ठेवा. आणि उपविभागाकडून पत्राची पोच मिळेपर्यंत सोलरला घराच्या वायरिंगपासून तोडणारा स्विच (एसी आयसोलेटर) बंदच राहू द्या.