पाच माणसांच्या घराला किती लिटरचा ओटीजी घ्यावा?

ताई, तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: घर धुळ्याचं, जुनं, ओटा लहान. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन (ओव्हन, टोस्टर, ग्रिल), घ्यायचाय. दुकानदार म्हणतो चाळीस लिटरचाच न्या, पुन्हा पुन्हा घ्यायची वस्तू नाही. मिस्टर म्हणतात सोळाचा पुरे, केक काय रोज करणार आहेस? तुम्ही मधल्यामध्ये अडकलात.

आधी उत्तर देऊन टाकते. २५ ते ३० लिटरमधला घ्या. पण दुकानात जाताना तो लिटरचा आकडा डोक्यातून काढा आणि पिशवीत तुमचं केकचं भांडं नि शिवणाची टेप टाका. मी जळगावच्या दुकानात अशीच गेले होते. दुकानातला पोरगा हसला, पण दार उघडून मोजू दिलं.

असं करायची अक्कल पहिल्या ओटीजीने शिकवली. तो दहा लिटरचा होता. तेव्हा घरात आम्ही दोघंच, म्हटलं दोघांना किती लागणार? रावेरकडून नातेवाइकांची केळी येतात आमच्याकडे, डझनावर नाही, घडावर. चार दिवसांत सगळी एकदम पिकतात, सालं काळी पडायला लागतात. तेव्हा केळ्याचा केक हा आमच्या घरी हौसेचा नाही, निकडीचा पदार्थ आहे. पहिला केक सात इंची भांड्यात लावला. वीस मिनिटांत वरून काळा ठिक्कर, आणि सुरी घातली तर आत सगळं पीठ. दुसऱ्या वेळी तापमान कमी केलं, तर मधोमध बसला. मला वाटलं माझंच प्रमाण चुकतंय.

चूक प्रमाणाची नव्हती. छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड भांड्याच्या अगदी डोक्यावर असतो. केक फुगला की रॉड आणि केक यांच्यात दोन बोटांचंही अंतर उरत नाही. मग तो भाजत नाही, शेकला जातो, पापडासारखा. वरून अॅल्युमिनियमची फॉइल झाकून थोडं निभावतं, पण दर वेळी कोण झाकत बसणार? तेव्हा भांडं जाळीवर ठेवल्यावर, केक फुगेल तेवढी जागा धरून, वर रॉडपर्यंत निदान तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. खालच्या रॉडपासूनही असंच अंतर हवं, नाहीतर बूड करपतं. दहा-बारा लिटरच्या ओव्हनमध्ये हे जमणं कठीण. तो टोस्ट, दोन सँडविच, गार झालेला समोसा कुरकुरीत करणं, मूठभर शेंगदाणे भाजणं यासाठी चांगला. एकट्या राहणाऱ्या माणसाला मी तोच सुचवीन.

आता लिटरची गंमत. लिटर म्हणजे सेंटीमीटरमध्ये आतली रुंदी गुणिले खोली गुणिले उंची, भागिले हजार, बाकी काही नाही. एक ओव्हन आतून ४० सेंटीमीटर रुंद, २५ खोल, २५ उंच असेल तर तो २५ लिटरचा. दुसरा ३३ रुंद, ३३ खोल, २३ उंच असेल तर तोही २५ लिटरचाच. दहा इंची पिझ्झा म्हणजे साडेपंचवीस सेंटीमीटर. पहिल्या ओव्हनमध्ये दार लागणार नाही, दुसऱ्यात आरामात बसेल. डब्यावर आकडा मात्र दोन्हीकडे तोच. म्हणून टेप घेऊन जा म्हटलं. खोली मोजताना दाराच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन-तीन सेंटीमीटर वजा करा, कारण भांड्याभोवती गरम हवा फिरायला जागा लागते. भांडं भिंतीला चिकटलं की केक त्या बाजूने आधी लाल होतो.

पाच माणसांना किती, हे मोजायची माझी फूटपट्टी केक नाही, बट्टी आहे, जाडसर पिठाचा गोळा. केक महिन्यातून एकदा, वरण-बट्टी मात्र आमच्याकडे पंधरा दिवसांनी ठरलेली, सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी. आपल्याकडे बट्टी उकडून, चिरून तळतात हे मला माहीत आहे आणि सासूबाईंसमोर दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नाही. पण डॉक्टरांनी सासऱ्यांचं तळण बंद केल्यापासून मी उकडलेली बट्टी ओव्हनमध्ये लावते: वरून तुपाचा हात, १८० वर पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटायची. तळलेलीची चव नाही येत, खोटं कशाला बोलू, पण वरणात कुस्करली की कुणी तक्रार करत नाही.

पाच माणसं, माणशी तीन धरल्या तर पंधरा बट्ट्या. एक बट्टी साधारण पाच सेंटीमीटरची, मध्ये दीड सेंटीमीटर मोकळं. चार ओळी, प्रत्येकीत चार, म्हणजे २५ बाय २५ चा ट्रे लागतो आणि त्यात सोळा बसतात. एवढा ट्रे ज्याच्यात सपाट बसतो तो ओव्हन बहुधा २५ ते ३० लिटरचाच निघतो. सोळा लिटरच्यात नऊ-दहा बट्ट्या बसतील, म्हणजे दोन घाण्या, आणि दुसरी घाणी होईपर्यंत पहिलं ताट उठलेलं. मिस्टरांना हे गणित दाखवा. त्यांना तिसरी बट्टी मिळाली नाही की सोळाचा आग्रह आपोआप सुटेल.

मग चाळीसचाच का नको? ही गोष्ट माझ्या नणंदेची. तिने ४८ लिटरचा घेतला, दिवाळीत सगळे जमतात म्हणून. तिच्या सासूबाई अहिराणी बोलतात. पहिल्या दिवशी त्या पेटीसमोर उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, ‘इतली मोठी पेटी, आनि रांधाले दोनच वांगा?’ आज त्या पेटीत नणंदेचे न लागणारे डबे आहेत. कारण साधं आहे. मोठी पोकळी तापायला वेळ लागतो. चार ब्रेडच्या तुकड्यांसाठी पंधरा मिनिटं नुसतं तापवायचं म्हटलं की माणूस तवाच काढतो. जी वस्तू लावायचा कंटाळा येतो ती दोन महिन्यांत मांडणीवर जाते.

शिवाय मोठ्या ओव्हनमध्ये दोन ट्रे एकावर एक लावून दुप्पट होईल, ही समजूतही तिथे फसली. आत पंखा नसेल तर खालच्या ट्रेचं बूड करपतं, वरच्या ट्रेचं तोंड करपतं आणि दोन्हींचा मधला भाग पांढरा राहतो. सारखे अदलाबदल करत बसावं लागतं. कन्व्हेक्शनचा पंखा असेल तर हवा फिरते आणि बरंच सावरतं. तीसच्या वर जाणार असाल तर पंख्याशिवाय जाऊ नका. पंचवीसमध्येही असला तर चांगलाच, पण नसला म्हणून अडत नाही.

राहिला दिवाळीचा प्रश्न. नानकटाई दोन किलोची असते आपली, शंभराच्या आसपास नग. २८ लिटरच्या ट्रेमध्ये एका वेळी बारा-पंधरा बसतात. दिवसभर ओव्हनपाशी उभं राहायचं असेल तर करा. मी करत नाही. पीठ मळून, गोळे वळून ट्रे बेकरीच्या भट्टीत नेते, किलोवर मजुरी देते, तासाभरात डबा भरून घरी. आमच्या आईच्या काळापासून हे चालत आलंय आणि त्यासाठी वर्षाचे बारा महिने अर्धा ओटा अडवून ठेवायला मी तयार नाही.

जुनं घर म्हणालात म्हणून विजेचं सविस्तर लिहिते, कारण याकडे कुणी बघत नाही आणि नंतर इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागतं. सोळा लिटरचे ओव्हन बहुतेक १२०० वॅटच्या आसपास असतात, पंचवीस-तीसचे १५००, त्याहून मोठे २००० पर्यंत जातात. मिक्सर लावतो तो साधा सॉकेट सहा अँपिअरचा. २३० व्होल्ट गुणिले सहा म्हणजे १३८० वॅट, ही त्याची शेवटची हद्द. १५०० चा ओव्हन त्यावर चालवायचाच नाही. त्याची पिनही जाड असते, साध्या सॉकेटमध्ये जात नाही, मग लोक बाजारातून अडॅप्टर आणून ती बसवतात. कृपा करून हे करू नका, आणि एक्स्टेंशन बोर्डही नको. माझ्या शेजारणीकडे बोर्ड वितळून ओट्यावर चिकटला होता, नशीब ती घरात होती. तुमच्या स्वयंपाकघरात सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट नसेल तर आधी तो स्वतंत्र वायरने काढून घ्या, अर्थिंगसकट, मग ओव्हन आणा. हा खर्च ओव्हनच्या किमतीत धरूनच बजेट ठरवा.

दुसरं, आपल्याकडचा उन्हाळ्यातला व्होल्टेज. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की दिवे पिवळे पडतात, तुम्हालाही अनुभव असेल. रॉडची शक्ती व्होल्टेज गुणिले व्होल्टेज या प्रमाणात बदलते. २३० चे २०० झाले तर १५०० वॅटचा रॉड साधारण साडेअकराशे वॅटचाच उरतो. म्हणून पुस्तकात चाळीस मिनिटं लिहिलंय आणि तुमचा केक पंचावन्न मिनिटं घेतोय, असं झालं तर कृतीला दोष देऊ नका. मोठ्या ओव्हनमध्ये हा फटका जास्त जाणवतो, आधीच तापायला उशीर लागतो म्हणून. बिलाची फार भीती बाळगू नका. १५०० वॅट सलग पाऊण तास चालला तर सव्वा युनिटच्या आत, आणि प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधून मधून रॉड बंद करतो, त्यामुळे त्याहूनही कमी.

आणि गरमी. जळगाव-भुसावळचा मे महिना काय असतो ते धुळेकरांना सांगायला नको. बाहेर ४४-४५ डिग्री असताना घरात २०० डिग्रीची पेटी लावणं म्हणजे हौसेला मोल नाही. आमच्याकडे एप्रिल ते जून ओव्हन सकाळी आठच्या आत, नाहीतर लावायचाच नाही. छोटी पेटी घर कमी तापवते, हाही पंचवीसच्या बाजूने एक मुद्दा.

ओट्यावरची जागा मोजताना फसगत होते, कारण आपण ओव्हनची रुंदी बघतो, भोवतालची मोकळी जागा विसरतो. दोन्ही बाजूंना आणि मागे चार-चार बोटं नव्हे, चांगले दहा सेंटीमीटर सोडा, वर त्याहून जास्त. वर लाकडी कपाट किंवा प्लॅस्टिकचे डबे असतील तर ती जागा बाद. दार खाली, तुमच्या दिशेने उघडतं, तेव्हा ओव्हन ओट्याच्या कडेशी असेल तर उघडं दार बाहेर लटकतं आणि लहान मुलाच्या बरोबर तोंडासमोर येतं. मी काय केलं सांगते: दुकानातून बाहेरची मापं लिहून आणली, टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा तेवढा कापला आणि दोन दिवस ओट्यावर ठेवला. पोळ्या लाटताना तो किती वेळा सरकवावा लागतो ते बघितलं. ३० च्या जागी २८ घ्यायचं त्या पुठ्ठ्यानेच ठरवलं.

तुम्ही शेवटी विचारलंय, भरीत होतं का? होतं. बामणोदचं मोठं वांगं, सुरीने चार टोचे मारून (हे विसरलात तर ते आत फुटतं आणि रॉडवरून गर खरवडत बसावं लागतं, मी बसलेय), २२० वर चाळीसेक मिनिटं. साल सुटते, गर मऊ होतो. पण त्याला कपाशीच्या वाळक्या काट्यांच्या जाळाचा धूर नाही, आणि धूर नाही तर ते उकडलेलं वांगं. पाहुण्यांना भरीत म्हणून वाढू नका. हिवाळ्यात शेतात जा, तिथलं खा. ओव्हनची खरेदी भरतावर ठरवायची नाही एवढं नक्की.

कोंबडी फिरवायची सळई तुमच्या घरी चालणार नसेल तर तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका. त्याऐवजी वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा लावता येतो का, आणि खाली चुऱ्याचा ट्रे बाहेर ओढून निघतो का, हे बघा. दोन्ही रोज कामाला येतं.

घरी आणल्यावर लगेच केक लावू नका. पहिल्यांदा रिकामाच, पूर्ण तापमानावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. रॉडवरचा लेप जळतो, धूर येतो, वासही येतो. आमच्याकडे सासूबाईंनी मेन स्विच बंद केला होता. तुमच्या सासूबाईंना आधी सांगून ठेवा.