बाराखडी तोंडपाठ, पण दुसरीतला मुलगा वाचत नाही. आता शब्दच पाठ करून घेऊ का?

नका घेऊ. आणि ‘अजून पाच वेळा बाराखडी लिही’ हेही बंद करा. तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यम आहे, धडा घडाघडा म्हणतो, पण नवीन ओळ समोर आली की गप्प. हे मी आमच्या घरात पाहिलंय.

माझी बहीण विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. भाचा दुसरीत होता. भावोजी कौतुकाने सांगायचे, याचं अख्खं पुस्तक पाठ आहे. एका रविवारी मी ओळीच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हा वाच. तो ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत आला आणि बोटापाशी पोचल्यावर मोठ्याने शब्द म्हणाला. मग कागदावर नुसतं ‘मु’ लिहिलं. तर म, मा, मि, मी करत मग ‘मु’. सुटा ‘मु’ त्याला ओळखू येत नव्हता. भावोजी म्हणाले, “आलं ना शेवटी?” मी म्हटलं, पाठांतर आलं, वाचन नाही. त्यावरून आमची चांगलीच जुंपली, आणि बहिणीने मध्ये पडून आम्हाला जेवायला बसवलं.

भावोजींचा मुद्दा एकच: आम्ही सगळे बाराखडीवरच शिकलो. शिकलात, मान्य. पण तुमच्या वर्गातले जे शिकले नाहीत, ते पुढे शाळेत टिकले का? त्यांची साक्ष कोणी काढत नाही.

मी भाच्याला सगळी मुळाक्षरं पुन्हा घोकायला लावली नाहीत. क, म, न, प, ट, ल एवढीच अक्षरं घेतली आणि त्यांच्यासोबत लगेच काना आणि दुसरी वेलांटी. काम, नाक, पाटी, मामी, पान. मग ‘टापी’, ‘लाकी’ असले अर्थ नसलेले शब्द, म्हणजे अंदाजाने सांगायची सोय नाही. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि तिचा आवाज नंतर येतो. कागद बाजूला ठेवून नुसत्या कानाचे खेळही घेतले: ‘काम’मधला ‘का’ काढ, ‘ना’ घाल, काय झालं? ‘कमळ’सारख्या शब्दात शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ आपण म्हणत नाही. मूल मात्र क... म... ळ असं सुटं म्हणतं आणि त्यातून त्याला कमळ ऐकूच येत नाही. इथे घाई करू नका. लोकलमधून जाताना परळ, दादर, भायखळा या पाट्या त्याला लवकर जमल्या. त्याच्या स्वतःच्या विक्रोळीला वेळ लागला, त्यात पहिली वेलांटीही आहे आणि जोडाक्षरही.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये २०११ ते २०१६ या काळात ‘लिरिल’ नावाचा अभ्यास झाला, मराठी आणि कन्नड मुलं लिहा-वाचायला कशी शिकतात यावर. तो वाचून मला आमच्या भाच्याचं कोडं सुटलं. शब्द अखंड पाठ करण्याबद्दल म्हणाल, तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली पूर्वीचे प्रयोग तपासून सांगितलं की आवाज आणि अक्षर यांचं नातं पद्धतशीर शिकवलेली मुलं पुढे जातात. आणि आपल्या मुंबईतच, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणींनी छोट्या गटात रोज शिकवलं, मुलं जिथे अडली होती तिथून. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या त्या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि बडोद्यात शास्त्रीय चाचणी झाली, २००७ साली निष्कर्ष छापून आले, मुलांचे गुण वाढले होते. त्या मुलींकडे बी.एड. नव्हतं. तेव्हा महागडी शिकवणी लावण्याआधी स्वतः बसा.

नुसतं अक्षर फोडता आलं की झालं, असंही नाही. १९८६ साली गॉफ आणि टनमर यांनी मांडलं की वाचून समजणं म्हणजे उकल (अक्षरांवरून शब्द ओळखणं) गुणिले भाषेची समज. गुणाकार आहे, एक शून्य तर सगळं शून्य. म्हणून गोष्टी तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, रोज. त्याला वाचता येईपर्यंत थांबू नका.

बाराखडी वाईट नाही, हे राहिलं सांगायचं. अक्षरं सुटी ओळखू यायला लागली की ती मांडून दाखवायला छानच. इंग्रजी माध्यमाला हे जसंच्या तसं लागू नाही, तिथे स्पेलिंगचा वेगळा गुंता आहे. ॲपचं मला विचारू नका, वापरलेलं नाही. डोळे आणि कान तपासून घ्या. नीट शिकवूनही काही महिन्यांत हललं नाही, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जड जातंय का याची, तपासणी करा, शीवच्या पालिका रुग्णालयात त्यासाठी विभाग आहे.

आणि घरात कोणी ‘लक्षच नाही याचं’ म्हणत असेल, तर आधी त्यांच्यासमोर ‘मु’ची परीक्षा घ्या. आमच्याकडे मारणं त्यानंतरच थांबलं.