फोनमध्ये क्रेडिट कार्ड पहिल्यांदा टाकताना

दुकानातल्या कार्ड मशीनवर फोन टेकवून पैसे देता यावेत म्हणून फोनच्या वॉलेट ॲपमध्ये (पैसे देण्यासाठी कार्ड साठवणारं ॲप) कार्ड जोडायचं असतं. घाबरण्यासारखं यात काही नाही, दहा मिनिटांचं काम आहे. पण कार्ड टाकण्याआधी फोनला पिन किंवा बोटाच्या ठशाचं कुलूप लावा. ते नसेल तर वॉलेट ॲप बहुधा पुढे सरकूच देत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरं, फोनमध्ये एनएफसी (अगदी जवळून बिनतारी माहिती पाठवायची सोय) आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. नसेल तर मशीनवर फोन टेकवून पैसे देता येणार नाहीत. ॲपला नावं ठेवत बसू नका.

कार्ड जोडताना बँक ओटीपी पाठवते, म्हणून बँकेकडे नोंदवलेला नंबर चालू हवा. तो ओटीपी फक्त ॲपमध्ये टाकायचा. फोन करून कोणी मागितला तर सरळ फोन ठेवा. नवखे लोक बरेचदा इथेच फसतात.

दुकानदाराला तुमचा खरा कार्ड नंबर जात नाही. त्याऐवजी टोकन नावाचा पर्यायी नंबर जातो. त्यामुळे पावतीवर शेवटचे ४ आकडे वेगळे दिसले तर दचकू नका. (मी दचकलो होतो, बँकेला फोनही केला होता!)

हमखास होणाऱ्या चुका:
- फोन लांबून दाखवणं. एनएफसी जेमतेम ४ सेंटीमीटरपर्यंत चालतं.
- दोन कार्डं असताना मुख्य कार्ड न निवडणं.
- जुना फोन कार्ड न काढताच विकणं.

बाकीच्या सेटिंग्ज सध्या राहू द्या. पहिला व्यवहार छोट्या रकमेचा करा, आणि खरं कार्ड अजून काही दिवस खिशात ठेवा.