लिफ्ट किट घेताय? आधी गाडीखाली शिरून एक दांडा शोधा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नऊ वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिलो. नवी डबल कॅब पिकअप, कंपनीचे २६५/६० आर १८ टायर बारके वाटतात, दुकानदार म्हणतो ३ इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सामान) टाका म्हणजे ३३ इंची टायर आरामात बसतील. आणि वापर काय, तर रविवारी इंदूरजवळचं जानापाव नाहीतर जामगेट, आणि महिन्यातून दोनदा बडवाहला सासऱ्यांच्या शेतावर खत-सिमेंट. २ इंच घेऊ की ३, एवढंच तुम्ही विचारलंय.

बॉडी लिफ्ट (नुसती बॉडी उचलणं), सस्पेन्शन लिफ्ट (खालच्या सांगाड्यासकट उचलणं), एटी (सगळ्या रस्त्यांचे) आणि एमटी (चिखलाचे) टायर यांतला फरक तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. मी इंजिनियर नाही, गॅरेजवालाही नाही. पैसे घालवून शिकलेला माणूस आहे, त्या बेतानं वाचा.

आधी टायर. तुमच्या आत्ताच्या टायरचा व्यास साधारण ७७५ मिलिमीटर. ३३ इंच म्हणजे ८३८. फरक ८ टक्के. मीटरवर १०० दिसेल तेव्हा टायर त्या हिशोबानं १०८ चे फिरत असतील. कंपनीचा मीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, पण ती सवलत इथे संपून जाते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणजे १०,००० ची सर्व्हिस खरं तर १०,८०० ला पडते, आणि मग लोक "मायलेज पडलं हो" म्हणून रडतात. थोडं पडतंच, पण थोडं मीटर खातो. गिअर सगळे ८ टक्के लांब होतात, चढावर गाडी दमते. आणि चाक मोठं झालं की तेवढ्याच ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि बदल्यात मिळतं काय? मागच्या डिफरेन्शियलखालची (मागच्या चाकांच्या मधला लोखंडी गोळा) जागा फक्त टायर वाढवतो, तीही व्यासातल्या फरकाच्या निम्मी, ३१ मिलिमीटर. लिफ्ट किटनं चॅसी (गाडीचा सांगाडा) वर जाते, एक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा भाग) जिथल्या तिथे राहतो. तीन इंच लिफ्ट करून दगडावर तोच गोळा आपटणारे मी चोरलच्या वाटेवर डोळ्यांनी पाहिलेत.

आता माझी चूक. किट घेताना दुकानात विचारलं, "मागे वजन किती असतं?" मी छाती फुगवून सांगितलं, "भरपूर." त्याने ३०० किलो कायम लादलेल्या गाडीचे जाड पाटे (आपल्याकडचे मिस्त्री कमानी म्हणतात) काढून दिले. खरं म्हणजे माझी गाडी महिन्यातले पंचवीस दिवस रिकामी, मागे एक ताडपत्री आणि जॅक. पाटे बसल्यापासून राजेंद्रनगरच्या स्पीडब्रेकरवर सौ. मागच्या सीटवरून टणकन उडायची. मला वाटलं, कडक आहे म्हणजे भक्कम आहे. बघा, दुकानदाराला फोन करून कौतुक केलं मी त्याच्या मालाचं!

मग एके दिवशी सिमेंटची १२ पोती, म्हणजे ६०० किलो, घेऊन बडवाहला निघालो. सिमरोल सोडून भेरूघाट उतरताना पुढचे ब्रेक तापल्याचा वास यायला लागला. दुसऱ्या गिअरमध्ये होतो, वेगही फार नव्हता. वळणानंतर गिट्टी भरलेली ट्रॉली एकदम हळू झाली, मी पेडल दाबलं, आणि गाडी थांबलीच नाही असं नाही, उशिरा थांबली. ट्रॉलीच्या मागच्या फळीत घुसून थांबली. कोणाला खरचटलंही नाही, ही ओंकारेश्वराची कृपा. बॉनेट, रेडिएटर, दोन्ही हेडलाइट गेले.

गाडी ओढून आणली. ज्यांनी किट लावलं होतं ते म्हणाले, "ब्रेकला तर आम्ही हातसुद्धा लावला नव्हता." अगदी खरं होतं, आणि तोच घोळ होता. शेवटी देवास नाक्यावर एका ट्रकच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पाच मिनिटं खाली पडून पाहिलं, बोटाने एक बारीक दांडा हलवला आणि म्हणाला, "साब, ये तो गाड़ी को ख़ाली समझ के बैठा है."

झालं होतं असं. बऱ्याच पिकअपना मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजन ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारा) असतो, मिस्त्री लोक एलएसपीव्ही म्हणतात. व्हॉल्व्ह चॅसीला, आणि त्याचा दांडा एक्सलला. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडा हलतो, आणि व्हॉल्व्हला कळतं की आता मागच्या चाकांवर वजन आहे, तिकडे ब्रेकचा दाब वाढवू दे. गाडी रिकामी असली की तो मागचा दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. साधी, हुशार वस्तू.

आता तुम्ही चॅसी एक्सलपासून २ इंच उचलली आणि दांडा तसाच ठेवला, तर त्या व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीहून रिकामी. त्यात माझे पाटे एवढे जाड की ६०० किलोनं जेमतेम दबले. मूळ पाट्यांवर चॅसी जितकी खाली आली असती, त्याच्या जवळपासही आली नाही. म्हणजे माल भरलेला, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे. सगळा भार पुढच्या पॅडवर. वर मोठे टायर. भेरूघाटाला दोष देऊन काय उपयोग!

उपाय? दांड्याचं एक्सलकडचं टोक लिफ्टएवढं वर घेणारी पट्टी, म्हणजे दांडा पुन्हा मूळ कोनात येतो. मिस्त्रीने साडेतीनशे रुपयांत बनवून लावली आणि रिकामी गाडी उभी करून जुन्या मापाशी जुळवली. चांगल्या किटमध्ये ही पट्टी सोबतच येते. माझ्या खोक्यात होती की नव्हती, देव जाणे. मी खोकं उघडतानाही तिथे नव्हतो, समोर पोहे खात होतो.

तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह नसेलही. एबीएस आणि ईबीडी (ब्रेकचा दाब चाकागणिक आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणा) असलेल्या पुष्कळ नव्या गाड्यांत तेच काम सेन्सर करतात. पण माझं किंवा दुकानदाराचं ऐकून गृहीत धरू नका, मागच्या एक्सलजवळ टॉर्च घेऊन बघा. दांडा दिसला तर पैसे द्यायच्या आधी दोनच प्रश्न विचारा: याचं काय करणार, आणि कोणत्या मापाला जुळवणार. समोरचा गोंधळला तर चहा पिऊन उठा.

गंमत म्हणजे पिथमपूरला, आपल्या नाकासमोर, नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे गाड्यांची चाचणी अशी होते की माप चुकलं तर परत पहिल्यापासून. आणि आपण ती गाडी तीन तासांत पान्याने वेगळी करून टाकतो. असो.

विम्याचं थोडक्यात सांगतो, नाहीतर माझं बीपी वाढेल. सर्व्हेअरने पहिल्या फोटोतच टायरचा साइज टिपला. मी बदल कळवले नव्हते, ही माझीच चूक, मान्य. पण त्या ऑफिसात "फाइल वर गेलीय" हे वाक्य मी दोन महिने ऐकलं. वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगेना. एकदा तर मला वाटलं गच्चीवर गेली असावी. शेवटी निम्म्याहून कमी पैसे आले. तेव्हा काहीही बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. फोनवर "हो हो, चालतं" म्हणणारा माणूस क्लेमच्या वेळी त्या खुर्चीत नसतो.

कायद्याचं: मी वकील नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, यांचा सूर असा की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवरच्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. "सगळेच लावतात" हे उत्तर चौकात चालतं, पुढे नाही. आणि लोखंडी बुलबारचा विचार असेल तर सोडून द्या, डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने त्यावर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलंय.

मी तुमच्या जागी असतो तर? २६५/६५ आर १८. व्यास ८०२ च्या आसपास, फरक साडेतीन टक्के, बहुधा लिफ्टशिवायही बसतील. तरी घेण्याआधी एकच टायर उधार लावून बघा: एक चाक उंचवट्यावर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवायचं. सपाट जमिनीवर सगळेच टायर बसतात. वर्षभर तेवढ्यावर चालवा. नंतरही किट हवंच असेल तर दीड-दोन इंचांच्या आत, आणि पाटे नेहमीच्या वजनाचे, महिन्यातल्या दोन फेऱ्यांचे नाहीत. पुढे नुसता स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घालून २ इंचांच्या वर गेलात तर ड्राइव्हशाफ्टचे (पुढच्या चाकांना ताकद देणारे शाफ्ट) कोन वाढून रबरी बूट फाटायला लागतात, ग्रीस सगळं चाकावर.

किट बसवताना यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) नवे मागा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्या. अलाइनमेंट करालच, पण हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्याच्या शिव्या वाचतील. मोठी स्टेपनी मूळ जागी मावते का तेही बघा. माझी मावली नाही, वर्षभर मागे मालाच्या जागेत लोळत होती.

काळ्या मातीसाठी एटी टायर घेतोय असं तुम्ही लिहिलंय. पावसाळ्यात शेतात पाच मिनिटांत त्याच्या सगळ्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो, मग ३३ काय नि ३५ काय. सासऱ्यांच्या ट्रॅक्टरवाल्याशी गोडीत राहा.

रविवारी सकाळी मी राऊला मुलीकडे असतो. गाडी आणलीत तर खाली शिरून तो दांडा आहे का ते पाहतो. फक्त मला बाहेर ओढून उठवायला तुम्ही लागाल, गुडघा साथ देत नाही.