साहेबाचा 'बॉय' आणि आपला भोई

प्रश्न असा आलाय की ब्रिटिश काळात बंगल्यावरच्या नातवंडं झालेल्या नोकरालाही 'बॉय' अशी हाक मारायचे, तर ते इंग्रजीतलंच 'बॉय' ना, आणि आपले वॉर्डबॉय, ऑफिसबॉय त्यातूनच आले का.

यावर 'गोरे आपल्या माणसांना पोरासोरांत काढायचे म्हणून बॉय' हे उत्तर इतक्या वेळा ऐकलंय की आता खरंच वैताग येतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! मुलगा हा अर्थ सगळ्यांना माहितीय, तो सोडा, आणि पालखी वाहणाऱ्या आपल्या भोयांकडे बघा. तेलुगूत बोयी, तमिळमध्ये बोवी. पोर्तुगीजांनी तोच 'बोय' म्हणून उचलला. गोव्याच्या १५५४ च्या हिशेबात गव्हर्नरच्या दिमतीच्या लोकांची यादी आहे, त्यात एक नाईक, ६ प्यादे, एक मुकादम नि त्याचे ६ मशालवाले, २ धोबी, आणि मग एक छत्री धरणारा 'बोय' आणि ६ पाणी भरणारे 'बोय'. पालखीचा पत्ता नाही! म्हणजे भोयाचा घरगडी तेव्हाच झाला होता आणि ईस्ट इंडिया कंपनी तर निघाली १६०० मध्ये.

गंमत म्हणजे ही नोंद यूल आणि बर्नेल यांनी हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) स्वतःच दिलीय, तरी त्यांनी दोन कप्पे केले, नोकर तो इंग्रजी बॉय आणि पालखीवाला तो बोयी. वर फ्रेंच, लॅटिनचे दाखले, की तिथेही नोकराला पोरगाच म्हणतात. असतील म्हणत, पण दक्षिणेत भोई आधीपासून हजर होता त्याचं काय? हे मला अजिबात पटत नाही. त्यांच्याच कोशात 'बेअरर' काढून बघा. पालखी वाहणारा तो बेअरर आणि बंगालमध्ये साहेबाचे कपडे, सामानसुमान, बऱ्याचदा रोकडसुद्धा सांभाळणारा नोकर तोही बेअरर, हॉटेलातला बैरा हाच. खांद्यावरची पालखी उतरली, माणूस घरात आला आणि कामाचं जुनं नाव त्याला तसंच चिकटून राहिलं. बंगालमध्ये हे चालतं तर मद्रासकडे का नाही?

माझं मत स्पष्ट आहे, मेमसाबच्या कानांनी बोयीचं बॉय केलं आणि जे धंद्याचं नाव होतं ते वयाचं होऊन बसलं. त्यातला अपमान खराच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण तो मागाहून चढलेला आहे. साठीतला माणूस, घरातली मुलं ज्याच्या अंगाखांद्यावर खेळली, तो व्हरांड्यातून 'बॉय!' ऐकू आलं की हातातलं टाकून धावायचा, आणि ती मुलंही बोलायला लागली की त्याला तीच हाक मारायची.

हां, वॉर्डबॉय, ऑफिसबॉय हे सरळ इंग्रजी जोडशब्द आहेत, त्यात भोई शोधू नका.