रेडिओवर पोट भरेल का?

प्रश्न : ताई, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं किराणा दुकान आहे. मुलगी एस. वाय. बी. ए.ला आहे. चार महिन्यांपासून कॉलेज सुटलं की ती इथल्या कम्युनिटी रेडिओवर जाते. जाण्यायेण्याचे पैसे तेवढे मिळतात. आता एमपीएससीचा क्लास सोडून यातच करिअर करायचं म्हणते. मोबाइलच्या जमान्यात रेडिओ कोण ऐकतं? यात पोट भरेल का? परवा तिनं माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या लावल्या तेव्हा अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर येऊन बसली होती, हे मात्र खरं.

उत्तर : दादा, निव्वळ त्या स्टेशनच्या मानधनावर पोट भरणार नाही. तिथं ती जे काम शिकतेय, त्यावर भरू शकतं. तुम्ही दुकानदार, म्हणून हिशेबच मांडते.

कम्युनिटी रेडिओ म्हणजे आसपासच्या गावांपुरतं, तिथल्याच लोकांसाठी चालणारं स्टेशन. त्याचा परवाना एकट्यादुकट्या माणसाला मिळत नाही. किमान तीन वर्षं काम केलेली नोंदणीकृत संस्था, कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र अशांनाच तो मिळतो आणि त्यात नफा कमवायचा नसतो. ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा, आवाज पोचतो १०-१५ किलोमीटर. जाहिरातींना पूर्वी तासाला ७ मिनिटं होती, २०२४ मध्ये ती १२ झाली. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये, म्हणजे मिनिटाला ४४४. ही १२ मिनिटं रोज भरली तर स्टेशन थाटात चालेल, पण लहान गावात ती भरत नाहीत. त्यामुळे पगारावर दोन-चार जण आणि बाकी तुमच्या लेकीसारखी हौसेनं येणारी मुलं, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं.

कोण ऐकतं, ते तुमच्या ओट्यानंच सांगितलं. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं स्टेशन आहे, बारामतीत कृषी विज्ञान केंद्राचं. सोलापूरहून हैदराबादला जाताना जहीराबाद लागतं, त्याच्याजवळ माचनूर गावात संघम रेडिओ आहे. तो दलित शेतकरी बायकांचा. नरसम्मा नावाच्या दोघी तरुण मुलींनी तो सांभाळायला घेतला. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. तरी अशा संस्थांना परवान्याची वाट २००६ मध्ये मोकळी झाली, आणि संघम रेडिओ हवेत गेला १५ ऑक्टोबर २००८ ला. तोवर या बायका नुसतं रेकॉर्डिंग करून ठेवत होत्या. बी-बियाणं, सणवार, घरगुती औषधं, सगळं आपल्या बोलीत. त्यांच्याबद्दल वाचलं की मला दर वेळी भरून येतं.

आता तुमच्या लेकीनं काय केलं ते बघा. माइक पाहिला की म्हातारी माणसं एक तर गप्प होतात, नाहीतर भाषण करतात. तिनं आजीला गायला लावलं. त्यासाठी घरातला पंखा बंद केला असेल, मधले खोकले काढले असतील, कोणती ओवी आधी आणि कोणती नंतर ते ठरवलं असेल. हे काम येणारी माणसं खरंच कमी आहेत. आकाशवाणीला नैमित्तिक उद्घोषक लागतात, त्यांची आवाजाची चाचणी होते. ऑडिओबुकवाले, शेती-आरोग्याचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था, माहितीपट करणारे, सगळ्यांना असा कान हवा असतो. पदवीनंतर पत्रकारिता शिकायला पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. यंत्रात जीव रमत असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-टीव्हीच्या संस्थेत ध्वनीचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश अवघड, पण प्रयत्न करण्याजोगा.

एक गोष्ट तिला स्पष्ट सांगा. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. बाजारभाव, हवामान, पाणी कधी येणार, परीक्षांची माहिती, हे चालतं. तिला पत्रकारच व्हायचं असेल तर त्याची तयारी दुसरीकडे करावी लागेल.

क्लासचं म्हणाल, तर अधिकारी व्हायची इच्छा नसलेल्या मुलीची फी भरू नका, असंच मी सांगेन. पदवी मात्र सोडायची नाही, त्यात तडजोड नाही. टी. वाय. संपेपर्यंत तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केलेले वीस कार्यक्रम तयार ठेवावेत. विषय तिचा, माणसं तिनं शोधलेली, एडिटिंग तिचं. ऑडॅसिटी हे आवाजाच्या एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. प्रत्येक कार्यक्रमाची एक प्रत घरी ठेवायची, आणि ज्याचा आवाज घेतला त्याची संमती वहीत लिहून घ्यायची. कुठंही काम मागायला गेली की प्रमाणपत्राआधी हे वीस कार्यक्रम ऐकवता येतील.

तुम्ही स्वतः एकदा दुपारी दुकान बंद करून स्टेशनवर जाऊन या. तिथल्या व्यवस्थापकांना दोनच गोष्टी विचारा : परवान्याची मुदत कधी संपते, आणि मुलांचं मानधन कुठल्या पैशातून येतं? जे सांगतील ते मला कळवा. पुढच्या शिक्षणाला कुठं जायचं ते आपण तिला सोबत घेऊन ठरवू.