पाच वर्षं एकाच हुद्द्यावर आहे. व्यक्तिमत्त्व विकासाचे कोर्स केले तर बढती मिळेल का?

चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत पाच वर्षं, तीन ऑनलाइन कोर्स, रविवारचं एक शिबिर, आणि हुद्दा मात्र तोच, असं तुम्ही लिहिलंय. शिबिरांना पुण्यात तोटा नाही. पण तिथून आलेला बदल लाइनवर कुणाला दिसला का? बढती देणारा एवढंच बघतो, की पुढच्या हुद्द्याचं काम याच्यावर टाकून मी निवांत घरी जाऊ शकतो का.

म्हणून आधी ते काम कागदावर आणा. पुढच्या हुद्द्याच्या पाच-सहा नोकरीच्या जाहिराती काढा आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारी कामं मोजा. क्वालिटीत बहुतेक तीन सापडतील: कस्टमर कम्प्लेंट हाताळणं, व्हेंडरकडून सुधारणा करून घेणं, ऑडिटला सामोरं जाणं. मग साहेबांना विचारा. ‘मी कुठे कमी पडतो?’ असं विचारू नका, ‘तसं काही नाही, चांगलं चाललंय’ हेच ऐकायला मिळेल. ‘गेल्या दोन महिन्यांत कुठलं काम माझ्याऐवजी दुसऱ्याला दिलंत, आणि का?’ असं विचारा. याला गुळमुळीत उत्तर देता येत नाही.

जे निघेल त्यातलं एकच निवडा आणि तीन महिने तेवढंच धरा. समजा, एट-डी रिपोर्ट निघाला, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल. तिथे बहुतेकांची गाडी व्हाय-व्हायमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा ‘का’ विचारत मुळापर्यंत जाण्यात, अडते. दुसऱ्या ‘का’लाच ‘ऑपरेटरची चूक’ लिहून मोकळे होतात आणि उपाय म्हणून ‘ट्रेनिंग दिलं’. महिन्याभरात तीच तक्रार परत येते, कारण चुकीचा पार्ट फिक्श्चरमध्ये (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनात) बसतोच कसा, हे कुणी विचारलेलंच नसतं. शिवाय दोष तयार का झाला आणि तपासणीत सुटला का, या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. त्या एकत्र केल्या की दोन्ही अर्धवट राहतात. जुन्या बंद झालेल्या चार तक्रारी घेऊन त्यांचं कारण स्वतः नव्याने लिहा, आठवड्याला एक. मग ते एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला दाखवा. कस्टमरची ड्रॉइंग घरी नेऊ नका किंवा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. हा सराव ऑफिसातच करा.

बोलण्याची भीती असेल तर ‘आत्मविश्वास वाढवा’ हा सल्ला कुचकामी आहे. सकाळच्या मीटिंगमध्ये चार वाक्यं पुरतात: काय बिघडलं, किती नग, आत्तापुरतं काय केलं, कुणाकडून काय हवंय. आदल्या दिवशी फोनवर रेकॉर्ड करून ऐका; एका मिनिटाच्या वर गेलं तर कापा. इंग्रजीचंही तसंच. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा तुमच्याच कामाची तीस वाक्यं तोंडात बसवा.

कोर्स करायचाच असेल तर स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमाचे, कोर्स बघा, बहुतेक 8 किंवा 12 आठवड्यांचे असतात. शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. 25 गुण असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे; सर्टिफिकेटसाठी अनुक्रमे किमान 10 आणि 30 लागतात. असाइनमेंटला मुदत असते, त्यामुळे रात्रपाळीचा आठवडा आला की माणूस मागे पडतो आणि मग सोडूनच देतो. आधी पाळ्यांचं कॅलेंडर बघा. रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास नको, झोप घ्या. कंपनीच्या बसमध्ये लेक्चर ऐकता येतं, पण आकडेमोड तिथे होत नाही. तिच्यासाठी रविवारचे दोन तास राखा.

दर शुक्रवारी दहा मिनिटं वहीत लिहा: काय अडलं, मी काय केलं, आकडा आधी किती होता, नंतर किती झाला. ‘रिजेक्शन कमी केलं’ याला किंमत नाही. ‘हजारी 12 वरून 4, तीन महिने टिकलं’ याला आहे. टिकलं हे लिहायचंच, कारण पहिल्या आठवड्यात सगळंच सुधारतं.

एप्रिल-मार्च वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत अप्रेझलचा फॉर्म वर्षाच्या शेवटी हातात येतो, पण तोवर साहेबांचं मत बऱ्यापैकी बनलेलं असतं. दिवाळीनंतर लगेच अर्धा तास मागा. वहीतली तीन कामं एका पानावर न्या आणि पुढच्या हुद्द्यातलं एक काम मार्चपर्यंत स्वतःकडे मागून घ्या. पगाराचा विषय त्या दिवशी काढू नका, नाहीतर बाकीचं सगळं बाजूला राहतं.